शेडच्या गाण्याचा ठोका

क्रॅडली हीथ,
१४ मार्च १९६७

चि. नेव्हिल यास अनेक आशीर्वाद. थोरल्या भावाने लिहायचे असतात म्हणून लिहिले, मनातून एकही निघत नाही.

काल दुपारी स्टुडिओत तुमच्या त्या रेकॉर्ड काढणाऱ्या पार्गेटर साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, हॉरेस, तू जरा चहा घेऊन ये, तोवर आम्ही माइक लावून घेतो. मी खुळ्यासारखा गेलो. दोन कप चहा झाला, बन झाला, कुणी बोलवेना. परत आलो तर दारावर लाल दिवा आणि आतून ड्रमचा आवाज. ड्रम माझे, वाजवणारा दुसराच! काचेतून पाहिलं, तू माइकसमोर उभा होतास. आपली नजरानजर झाली, आणि तू मान खाली घालून हातातला गाण्याचा कागद वाचायला लागलास.

मी ड्रम तिथेच टाकून गाडी पकडली. आईला थाप मारली की ड्रमचं कातडं फाटलं. हॉरेस रेकॉर्ड काढायला लंडनला गेलाय हे साऱ्या कारखान्याला ठाऊक आहे, त्यांना आता काय तोंड दाखवू?

अरे, तो ठोका कुणाचा? आई मागच्या शेडमध्ये साखळीच्या कड्या घडवायची. दोन घाव जोराचे, मग कडी वळवताना ऐरणीवर एक हलका. त्यावर आपण दोघं वाढलो. त्यावर मी ड्रम बसवले, त्यावर तू गाणं रचलंस. आणि त्यातून मलाच हाकललंस?

शेवटी लोभ असावा असं लिहितात. मी ती जागा कोरी सोडतो आहे.

हॉरेस


लंडन,
१७ मार्च १९६७

ती. हॉरेसदादास सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. तू बोललास ते थोडंच आहे. पार्गेटर साहेब म्हणाले, तुझा भाऊ ठोक्याला मागे पडतो, तो वाजवणार असेल तर रेकॉर्ड निघणार नाही. आपल्या बँडमधले गिटारवाले दोघंही लगेच त्यांच्या बाजूला गेले. मला हे त्याच दिवशी कळलं असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला? मला आठवडाभर आधी माहीत होतं.

तो नवा माणूस, व्हिकरी, भला आहे. तिसऱ्या खेपेला त्याने गाणं बिनचूक वाजवलं. पण दादा, गाण्यात जीव नाही रे. सतरा वेळा वाजवून झालं, पार्गेटर साहेबही आता केस उपटताहेत. तो हलका ठोका कुणालाच साधत नाही. व्हिकरी म्हणतो, आकडे घालून कागदावर लिहून मिळालं तर जमेल. तेवढं लिहून पाठवशील? राग सोड म्हणत नाही, पण गाणं आपलं आहे.

लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझा,
नेव्हिल


क्रॅडली हीथ,
२० मार्च १९६७

नेव्हिल,

आशीर्वाद वगैरे काही नाही. लाज कशी वाटत नाही रे? माझ्या जागी माणूस बसवलास तो बसवलास, वर मीच त्याला शिकवू? आकडे घालून? लंडनला सहा महिने काय राहिलास, मागायची भाषासुद्धा साहेबासारखी झाली.

तुझं पत्र मी रागाने चुलीत टाकायला गेलो आणि नेमकं आईने हातातून घेतलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. मला एवढंच विचारलं, कातडं फाटलं नव्हतं तर. मग शेडमध्ये जाऊन तिने आपला लहान हातोडा वर्तमानपत्रात गुंडाळला, सँडविचं बांधली, कोट चढवला आणि सकाळच्याच गाडीने तुझ्याकडे निघाली. मी आडवा गेलो तर म्हणाली, बाजूला हो, तुम्ही दोघं पत्रंच लिहीत बसा.

आता भोग.

हॉरेस


लंडन,
२२ मार्च १९६७

ती. हॉरेसदादास सा. न. वि. वि.

आई सुखरूप घरी पोचली असेलच. ती सगळं सांगणार नाही, म्हणून मी लिहितो.

स्टुडिओत शिरल्याबरोबर तिने विचारलं, माझ्या पोराला मागे पडतो म्हणणारा कोण? पार्गेटर साहेब पुढे झाले. आईने माइकच्या स्टँडची लोखंडी बैठक जमिनीवर आडवी करून घेतली, गुडघे टेकले आणि हातोडा काढला. दोन मोठे, एक हलका. व्हिकरी उठून उभा राहिला, दादा. आई म्हणाली, कडी वळवायला हात थांबतो त्याला उशीर म्हणत नाहीत, तिथे घाई केली तर सांधा उघडा राहतो.

साहेब खूश. त्यांनी ते टेपवर घेतलंही, म्हणाले, हेच तुकडे गाण्याला जोडू. आई म्हणाली, मलाच वाजवायचं असतं तर पोराच्या कानात कशाला घातलं असतं? पुसा ते. मग तुझ्या ड्रमच्या स्टुलावर बसली आणि सँडविचं सोडली. हॉरेस येईपर्यंत हे स्टूल माझं, म्हणाली. साहेबांनी हो म्हटल्यावरच उठली.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी तुला बोलावलं आहे. हा सगळा वेळ मी भिंतीला टेकून उभा होतो. एक शब्द बोललो नाही. हे मी स्वतःहून सांगतो आहे, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत.

लोभ असावा असं लिहायचं धाडस होत नाही.

नेव्हिल


क्रॅडली हीथ,
२३ मार्च १९६७

चि. नेव्हिल यास आशीर्वाद.

आई पोचली. गुडघे सुजलेत, शेक देतो आहे. तिला म्हातारपणी परक्यांच्या फरशीवर गुडघे टेकावे लागले, कारण तुझी जीभ टाळ्याला चिकटली होती. हे मी विसरणार नाही.

मंगळवारी येतो. तुझ्यासाठी नाही, आणि तुमच्या साहेबासाठी तर नाहीच. वाजवण्याआधी त्या दोघा गिटारवाल्यांसमोर तू सांगायचंस, की मला आठवडाभर आधी माहीत होतं. तेवढं तोंडाने सांग, पत्रात नको.

आणि माइकसमोर उभा राहशील तेव्हा हातात कागद घेऊ नकोस. गाणं तुला पाठ आहे. त्या दिवशीही पाठच होतं.

माझी नजर चुकवली नाहीस, तर लोभाचं बघू.

तुझा भाऊ,
हॉरेस