उरलेलं काम

३ ऑगस्ट, सोमवार
आले बाई एकदाची. विद्यापीठाचा संगणकशास्त्र विभाग, तिसरा मजला, खिडकीजवळचं टेबल आणि फिरती खुर्ची. आणखी काय हवं? धाकटी बहीण तर फोनवर म्हणाली, पदवी हातात पडली की तुझ्या मागोमाग मीही तिथेच.

माझ्या मार्गदर्शक सरांनी इथली रीत सांगितली. निघताना ‘उरलेलं काम’ नावाच्या फाईलमध्ये उद्याची कामं लिहून ठेवायची. सकाळी ती वरून खाली करत जायची आणि झालेली ओळ खोडायची. संगणकावरचं माझं खातं उघडायला मात्र दहा दिवस लागणार. दहा दिवस नुसतं हातावर हात ठेवून बसायचं? माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी. मी म्हटलं, माझ्याआधी इथे जी मुलगी होती तिचं खातं वापरते की. सर जरा घुटमळले, मग पासवर्ड दिला.

तिच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लिहिलं होतं, ‘या खात्यात शिरू नकोस. घरी जा.’ बाई गमतीदार दिसते. मी हसले आणि ओळ खोडून टाकली.

५ ऑगस्ट, बुधवार
काम झकास चाललंय. दुपारपर्यंत तिची सात कामं उरकली, तिचा बिघडलेला प्रोग्रॅमही चालता केला. सकाळी यादीत नवी ओळ होती, ‘खिडकी सोड, आतल्या कोपऱ्यात बस.’ मी काही लिहिली नव्हती. पलीकडचा चष्मेवाला म्हणाला, ती घरून लिहीत असेल. तसंही स्क्रीनवर ऊन येतंच. बसले कोपऱ्यात. ओळ खोडली.

११ ऑगस्ट, मंगळवार
कार्डाने दार उघडेना. चष्मेवाल्याने उघडलं आणि माझ्या तोंडावर लावून घेतलं. असा राग आला म्हणून सांगू. दुसऱ्या कुणाच्या मागोमाग आत गेल्यावर सरांना विचारलं, ती आधीची मुलगी गेली कुठे? सर कागदांतून मान वर न काढता म्हणाले, कोण आधीची, ते टेबल पहिल्यापासून रिकामंच आहे.

दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही.

१३ ऑगस्ट, गुरुवार
यादीत, ‘आईला फोन करू नकोस. ती ओळखणार नाही.’

मुद्दाम केला. आई म्हणाली, कोण हवंय आपल्याला? अगं मी, मी म्हटलं. ती म्हणाली, चुकीचा नंबर लागलाय, मला एकच मुलगी, ती आत अभ्यास करतेय. आवाज तोच, प्रेमळ. जिन्यात बसून पोटभर रडले. दोघंजण शेजारून चढून गेले, कुणी विचारलं नाही.

१४ ऑगस्ट, शुक्रवार
‘धाकटीला बोलाव.’

नाही. जीव गेला तरी नाही.

फोन बंद करून बॅगेत टाकला. फाईल पुन्हा उघडली तर ती ओळ — खोडलेली. मी हात लावला नव्हता.

१७ ऑगस्ट, सोमवार
धाकटी आली. खांद्याला माझी जुनी निळी पिशवी. सरांना सांगत होती, विभागातून पत्र आलं, अर्ज न करताच प्रवेश. मी तिच्यासमोर उभी राहिले. हाक मारली. मी तिथे नाहीच अशी तिने माझ्या अंगावरून खुर्ची ओढली.

सर म्हणतायत, खात्याला दहा दिवस. ती माझ्यासारखी नाही, लहानपणापासून शांत. थांबेल. थांब गं बाळा —

दुपार
विचारलं तिने. ते रिकामं टेबल कुणाचं. तिथे आधी जी मुलगी होती तिचं खातं वापरू का.

सर घुटमळले. दिला.

यादीत एकच ओळ उमटतेय माझी. सगळ्यात वर. दुसरे शब्द सुचतच नाहीत, बोटं हेच — ‘या खात्यात शिरू नकोस. घरी जा.’

कोपऱ्यात माझ्या शेजारी कुणीतरी मुसमुसतंय. माझ्याआधीची. पहिल्या दिवसापासून इथेच —

धाकटीने वाचलं. वाच, पुन्हा वाच, सोने, मी आहे, तुझी ताई —

हसली ती. बोट खोडायच्या बटणावर —