जिवंत दगड, गोडं पाणी

दि. १४ सप्टेंबर

प्रिय दादास,
सप्रेम नमस्कार. तू, वहिनी, पोरं सगळे मजेत असाल. मी बरी आहे. बाबांची समुद्री माशांची टाकी रिकामी झाल्यापासून बाहेरची खोली उगाच मोठी वाटते, एवढंच.

दगड टेम्पोवाल्याबरोबर पाठवलेत. खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेत, सुकू देऊ नकोस. तुझ्या नव्या टाकीत ते आधी थेट काचेवर बसव, मग वाळू पसर. उलटं केलंस तर ढीग कोसळेल. आणि नळाखाली धुऊ नका. वहिनीला स्वच्छतेची भारी हौस, म्हणून मुद्दाम लिहिते. तो जांभळा थर म्हणजे मळ नव्हे. बाबा त्यांना जिवंत दगड म्हणायचे ते उगाच नाही. पाणी साफ ठेवणारे बारीक जीव त्यांच्या भोकाभोकांत राहतात. प्रवासात त्यातले काही मरतील आणि टाकीला कुजका वास येईल. तो पुरता जाईपर्यंत मासे आणू नकोस. तुला धीर नाही, ठाऊक आहे. वास सोसायची सवयही नाही. बाबांच्या आजारपणात तू दाराशीच उभा राहायचास.

फोनवर म्हणालास, "तुला काय करायचेत ते? धोंडी, घरात तू एक दगड आहेस की." मी हसले. बाबांनी ठेवलेलं नाव तुझ्या तोंडी अजून गोड लागतं, असं तुला वाटतं. नाही लागत.

अजून एक. टाकीतलं पाणी आटलं की वरून गोडं पाणी घालायचं, खारं नाही. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. आपल्या शाळेच्या दिवसांत, बाबा बाहेरगावी असताना, कोणीतरी टाकीत खारं पाणीच ओतत राहिलं आणि सगळे मासे मेले. कोणी, ते तुला माहीत आहे. बाबांनी परत आल्यावर माझ्याकडे पाहिलं. तू छताकडे पाहिलंस. मी काही बोलले नाही. धोंडीच ती.

आता जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, ते लिहिते.

तू पोचलास त्याच्या आदल्या दुपारी बाबा गेले. जाण्यापूर्वी थोडा वेळ शुद्धीवर होते, पण दिसत काहीच नव्हतं. मी त्यांचं कपाळ पुसत होते. त्यांनी विचारलं, "आलास?"

मी म्हटलं, "आलोय, बाबा."

'आलेय' म्हटलं असतं तर त्यांनी तोंड फिरवलं असतं. मी त्यांचं सगळं करत होते, तेव्हाही फिरवतच होते. एका मात्रेच्या जागी काना-मात्रा आली आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला तुझा राग आला, आणि त्यांचा त्याहून जास्त. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "दगड तू घेऊन जा. तिच्याकडे ठेवू नकोस. ती खारं पाणी ओतते."

दोन वर्षं रोज सकाळी त्या टाकीत गोडं पाणी मी घालत होते, दादा.

तेव्हा तुझ्या तोंडून खरं सांगता आलं असतं. 'बाबा, ते मी ओतलं होतं.' अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी धरलेला हात तुझा होता. माझा असता तर धरला नसता. मी म्हटलं, "बरं. नेतो."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. दगड ठेवून घेतले असते तर तुला काही कळलंही नसतं. हे सांगून मी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेय. पण तू मागितलेस म्हणून पाठवत नाहीये. 'नेतो' असा शब्द दिला होता, तुझ्या वतीने का असेना. तुझा त्यांना दिलेला एक तरी शब्द खरा होऊ दे.

टाकी नितळ झाली की फोटो पाठवू नकोस.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण,
आणि एका दुपारपुरता तुझ्या जागी आलेला,
धोंडी