दातवाल्याची वाळू

२ जून

नाही, चुकून नाही गेले त्याच्या वाळूत. मुद्दाम गेले! सत्तर वर्षं तिथेच शिंपल्या उकरतेय. हा दातांचा डॉक्टर विन्स्लो तेव्हा जन्मलाही नव्हता. आता सिएटलहून येऊन शेजारचं घर घेतलंन आणि किनाऱ्यावर पाटी ठोकलीन – ‘खाजगी’. ओहोटी काय याच्या दवाखान्यात नंबर लावून येते?

वर गोड बोलतो. "आर्डिसबाई, नुसतं विचारा हो. मी नाही म्हणणार नाही."

विचारू? मी?

आमच्या दारापुढेही मिळतात शिंपल्या. पण त्या ठेवणीतल्या. तिथे उगाच हात लावायचा नाही.

तीन ऑगस्टला आर्व्हिड ऐंशीचा होतोय. आजारातून उठल्यापासून माझा हा भाऊ पाखरागत खातो. मागितलंय एकच – इथल्या शिंपल्या, लोण्यात. दुकानातल्या दिल्या तर ओळखतो. थुंकतो.

५ जून

आज मासेमारी खात्याची पोरगी आली. शिंपल्यांची फौजदारीण! कमरेला पिस्तूल, हातात पट्टी. शिंपली दीड इंच भरते का बघते.

"आजी, लायसन?"

"खिशात आहे."

"दिसेल असं लावायचं असतं."

कुणाला दिसेल? शिंपल्यांना?

दिवसाला माणशी चाळीस शिंपल्या. ज्याच्या त्याने उकरायच्या, ज्याच्या त्याच्या बादलीत. भावाच्या वाटणीच्या मी उकरल्या तर गुन्हा! आणि खड्डा बुजवायचा. हा एक नियम शहाण्याने केलाय. खड्ड्याशेजारच्या ढिगाखाली शिंपल्यांची पिल्लं गुदमरून मरतात – बापाने मुस्कटात मारून शिकवलंय.

दातवाल्याची पाटी खरी का, विचारलं. म्हणाली, "मोजणी मागवा, आजी."

मागवतेच!

६ जून

चार पानी अर्ज टाकला. आर्व्हिड म्हणतो, "आर्डिस, गप बस ना जरा." गप बसायला मी काय कालव आहे?

१९ जुलै

सहा आठवड्यांनी उगवले मोजणीवाले. तिपाई, दोऱ्या, लाल खुंट्या. दातवाला त्यांना कॉफी देत उभा. मी अंगणात खुर्ची टाकून बसले – तमाशा बघायला.

तमाशा माझाच झाला.

पाटी बरोबर आहे. उलट त्यानेच ती आपल्या हद्दीत चार हात आत ठोकलीय. आणि माझ्या दारापुढचा किनारा – जन्मभर ‘आपला’ म्हटला तो – सरकारी! बापाने विकत घेतलं ते भरतीच्या रेषेपर्यंतच. खालचं सगळं सार्वजनिक. कागद दाखवला त्यांनी. बाप नॉर्वेचा, इंग्रजी वाचता येत नव्हतं. सही मात्र ठसठशीत.

आर्व्हिड हसला. खोकला येईस्तोवर हसला. "ठेवणीतल्या गेल्या गं तुझ्या!"

२३ जुलै

फौजदारीण नवी पाटी घेऊन आली. माझ्या दारापुढे ठोकली! सार्वजनिक किनारा. हंगाम पंधरा जुलैला संपला. आता थेट पुढच्या वर्षी.

म्हटलं, "आणि तो दातवाला उकरतोय तो?"

"त्याच्या मालकीची वाळू आहे, आजी. तिथे हंगाम लागत नाही. त्याची परवानगी असेल तर तुम्हीही जाऊ शकता."

"आणि पार्कातला किनारा?"

"तोही बंद."

मोजणी मागितली नसती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मागितली कुणी? मी!

२४ जुलै

दातवाल्याने लांबून हात केला. मी पाठ केली.

२८ जुलै

दुकानातल्या आणल्या. लसूण घातला, लोणी दुप्पट घातलं. आर्व्हिडने एक तोंडात घातली.

"कुठल्या गं?"

"इथल्याच."

थुंकला नाही. हळूच गिळली, चमचा ठेवला, "छान आहेत" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

थुंकला असता तर बरं झालं असतं.

३ ऑगस्ट

ओहोटी अकराला होती. दहाला बादली घेऊन दातवाल्याचं दार वाजवलं.

आर्व्हिडने बावीस खाल्ल्या.

दारात मी काय बोलले ते लिहिणार नाही.