नऊशे नव्याण्णव तास पंचवीस मिनिटे

मी, गुणवंतराव लटारूजी भोयर, वय एक्कावन्न, धंदा विमान चालवायला शिकवणे (दोन महिन्यांपासून डॉक्टरांच्या हुकुमाने बंद), राहणार वरोरा, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाविना लिहीत आहे. बायको रंभा समोर तांदूळ निवडत बसली आहे. तो धाक धरायचा की नाही, हे वकिलांनी ठरवावे.

१. घर, आवार आणि बोरीचे झाड रंभेचे.

२. पाने, पकडी व तेलाची झारी मेकॅनिक मुखरूला. त्याने आवळलेला एकही बोल्ट हवेत ढिला झाला नाही. मात्र सिरोंच्याला मी एकदाच उतरलो होतो. विमान तीनदा उसळले म्हणून, "भाऊ, तीनदा उतरलो असं लिवा," हे त्याचे आठ वर्षांपासूनचे टुमणे आहे. लॉगबुकात एकच आहे आणि एकच राहील.

३. धाकटा भाऊ झाडू मला गावभर 'हवेतला डायवर' म्हणतो. त्याला माझा काळा चष्मा द्यावा. फार दिवसांपासून त्याचा त्यावर डोळा आहे.

४. आता लॉगबुक. कायदा असा, की प्रत्येक उड्डाणाची तारीख, वेळ आणि विमान कोणी चालवले ते शाईने लिहायचे व नोंदी खऱ्या असल्याची खाली सही करायची. चूक झाली तर खरवडायचे नाही. जुने वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर दुरुस्ती लिहून सही करायची. हे मी प्रत्येक शिकाऊला बोट नाचवून सांगितले. आणि माझी शेवटची नोंद खोटी आहे.

शेजारच्या नानाजींची मुलगी चंदा माझ्याकडे शिकत होती. ३ मार्चला मी मैदानात खाली उतरलो आणि म्हणालो, "जा, एकटी." पोरगी भांदकावरून फिरून पस्तीस मिनिटांनी अशी अलगद उतरली, की मुखरूनेसुद्धा एकच उतरणे मोजले. माझ्या वहीत तेव्हा ९९९ तास २५ मिनिटे होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरी तपासणी; तीत मी नापास होणार हे छातीच मला सांगत होती. ती पस्तीस मिनिटे मी माझ्या नावावर लिहिली आणि तिच्या वहीत सही दिली नाही. गावात पेढे वाटले, दारावर 'हजार तास' अशी पाटी लावली. चंदा पाटीकडे पाहून एवढेच म्हणाली, "काका, तुमचे हजार झाले ना? मंग झालं." त्या दिवसापासून मला पेढा गोड लागत नाही. लाज वाटते.

परवा तिचा लायसन्सचा अर्ज परत आला. पस्तीस मिनिटे कमी. मुदत ३१ मेची, आणि फ्लाइंग क्लबाचे एकुलते शिकाऊ विमान वावटळीत पंख मोडून पडले आहे; पुन्हा उडून मिनिटे भरायची सोय नाही.

५. माझ्या मरणानंतर हा कबुलीजबाब क्लबाला दाखवून चंदाची मिनिटे तिला द्यावीत. (या ओळीवर रेघ मारली आहे. वाचता येते.)

रेघेचे कारण असे. ही ओळ मी मोठ्याने वाचली, तशी रंभेने सूप आपटले. "मेल्यावर खरं बोलाले काय लागते? पोरीची मुदत सरून राह्यली, अन् तुमी मराची वाट पाहून राह्यले? आत्ता लिवा ना!"

लिहिले. शेजारून चंदाची वही आणवून दोन्ही वह्यांत दुरुस्ती केली, सह्या केल्या, आणि मुखरूला वह्या देऊन सकाळच्या मोटारीने क्लबात पाठवले. चंदा धावत आली. "काका, तुमचे हजार गेले ना!"

"गेले," म्हटले. पोरगी रडली. मीही रडलो. रंभा म्हणाली, "आता पेढे तुमी खा."

६. पाटी काढू नये, खरवडू नये. 'हजार तास' वर एक रेघ मारून वर खरा आकडा लिहावा.

७. माझ्या अस्थी चंदाने विमानातून सिरोंच्याला न्याव्यात व गोदावरीत सोडाव्यात. तिने एकदाच उतरावे. लॉगबुकात मला सामान म्हणून लिहावे. चालवणाऱ्याच्या रकान्यात तिचे नाव, आणि त्यातले एक मिनिटही माझ्या नावावर चढवू नये.

मजकूर दोनदा वाचून, खोडलेल्या ओळीसकट मान्य करून सही केली.

गुणवंतराव लटारूजी भोयर

साक्षीदार : सोमाजी इस्तारी गेडाम (सही)
चैतू मडावी (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम वरोरा, १२ मे १९५७