ऐनाचा बुंधा

पेण, १२ जानेवारी

हे गेल्यावर रोह्याजवळच्या देवराईतली झाडांची मोजणी मीच करते. दरवर्षी घेर मोजायचा, हे शिकवायचे त्या कॉलेजच्या वहीत लिहायचा. आज मोठ्या ऐनाच्या जागी करवतीने कापलेला सपाट बुंधा दिसला.

पुजारी म्हणाले, "देवळाच्या वाशांना तोडला, वैनी. कौल घेतलाय देवाचा. तुम्ही वादळात पडला असं लिवा. सर असते तर गावाला खाली बघायला नाय लावलं असतं."

नसतं लावलं? वीस वर्षांत यांनी एकही खोटा आकडा लिहिला नाही. पण यांना खांदा दिला तो याच गावाने. तो सपाट बुंधा डोळ्यांसमोरून हलत नाही.

शेवटी 'तोडला' लिहिलं. कोणी, ते लिहिलं नाही. यांना हे चाललं असतं का?