‘बांधावरच्या बाया’ या अप्रकाशित कादंबरीच्या हक्कांबाबत

मी, केसर चांगदेव घरत, वय ७१, धंदा शिवणकाम, राहणार रेवस, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही, याखेरीज तक्रार नाही. मी कुणाच्या दबावाखाली नाही. दबाव आला होता, त्याची हकीकत पाचव्या कलमात आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. ही कादंबरी येत्या महिन्यात प्रकाशकांकडे पाठवायची आहे. ती घराबाहेर पडण्याआधी तिची मालकी कागदावर असावी, म्हणून आजच हे करते.

एक. राहते घर आणि मागची नारळाची वाडी मुलगा जीवन आणि सून पूनम यांना दोघांच्या नावे. घर माझे पती कै. चांगदेव यांनी रेवस ते भाऊचा धक्का लाँचवर खलाशाची नोकरी करून बांधले. ते विकायचे झाल्यास दोघांच्या सह्या लागतील. बँकेतले जे काही असेल ते माझ्या आजारपणाचा आणि क्रियाकर्माचा खर्च जाऊन दोघांना निम्मे निम्मे.

दोन. पायाचे शिलाई मशीन, कात्र्या आणि इस्त्री माझ्या हाताखाली काम करणाऱ्या राहीला. ती माझ्याकडे ब्लाउज शिवायला शिकली आणि आता माझ्यापेक्षा चांगला गळा काढते. मशीनला मोटर बसवायची की नाही ते तिने ठरवावे.

तीन. माझी पहिली दीर्घकथा आज माझ्याकडे नाही, म्हणून ती कुणाला देता येत नाही. ती माझी आई आवडाबाई हिच्यावर होती. आई मिठागरावर कामाला होती आणि उधाणाचे पाणी शेतात शिरू नये म्हणून इतर बायांबरोबर रात्रंदिवस बांधावर माती टाकायची. अलिबागेत एका साहित्य मेळाव्यात मी ती कथा मुंबईच्या एका लेखकांना वाचायला दिली. हाताने लिहिलेली एकच प्रत होती. पुढच्या वर्षी ती त्यांच्या नावाने एका दिवाळी अंकात आली. आईचे नावसुद्धा त्यांनी बदलले नव्हते.

मी लाँचने त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, “बाई, अनुभव तुमचा असेल. साहित्य माझं आहे.”

अंकाच्या कचेरीत विचारले, तर संपादक म्हणाले, “मूळ प्रत दाखवा.” मूळ प्रत मी कुणाला दिली होती ते सांगितले. त्यांनी अंक मिटून माझ्या हातात परत दिला.

घरी आल्यावर चांगदेव म्हणाले, “जाव दे. हात हाईत ना तुझे? दुसरी लिव.”

त्या लेखकांचे नाव येथे घालत नाही. माझ्या मृत्युपत्रात त्यांना जागा देण्याची गरज वाटत नाही. त्यांच्यावर माझ्या पश्चात कुणी दावा करू नये, पुरावा नाही. मात्र त्यांच्या सत्काराला माझ्या घरचे कुणी हार घेऊन जाऊ नये.

चार. दुसरी लिहायला बरीच वर्षे गेली. ‘बांधावरच्या बाया’ ही कादंबरी पूर्ण माझी आहे. अलिबागच्या वकील तेजस्वी यांनी मला समजावले, “काकू, तुम्ही लिहिलंत तेव्हाच हक्क तुमचा झाला. नोंदणी नसली तरी तो असतोच. पण उद्या भांडण झालं तर कोर्टाला कागद दाखवावा लागतो.” म्हणून छापण्याआधीच दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी केली. प्रमाणपत्र कपाटात आहे. हस्तलिखित घरी आहे, एक प्रत वकिलांकडे आणि एक राहीकडे. प्रकाशकांना पाठवायची ती टाइप केलेली प्रत. पाठवल्याची पोच जपून ठेवावी. मूळ पाने कुणालाही देऊ नयेत, माणूस कितीही गोड बोलणारा असो.

पाच. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी जीवनने एका मालिका काढणाऱ्या माणसाकडून करारनामा आणला. जीवनचे उरणला ट्रक आहेत, तिथली ओळख. कागदावर लिहिले होते की कादंबरीचे सर्व प्रकारचे हक्क, सर्व भाषांत, कायमचे त्यांचे. माझे नाव कुठे येईल याबद्दल एक शब्द नव्हता.

“आई, सही कर. घरात पडून त्याचं काय होनार हाय?”

“मी अजून कुठे छापायला दिली नाही. आधी माझ्या नावाने पुस्तक येऊ दे.”

“नाव घेऊन काय करतीस या वयात?”

मी सही केली नाही. तेव्हा त्याने पूनमकडे टाइप केलेली फाइल मागितली. कादंबरी पूनमनेच टाइप केली होती, मुलांचे डबे झाल्यावर, दुपारी. पूनम चपात्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “ती आईंची वस्तू हाय. आईंना विचारा.” जीवन ताट तसेच सोडून उठला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. पूनमशी कामापुरता बोलत होता. तिने फाइल दिली नाही आणि त्याबद्दल माझ्याकडे कधी तक्रारही केली नाही.

सहा. म्हणून ‘बांधावरच्या बाया’चे हस्तलिखित आणि तिचा संपूर्ण कॉपीराइट, माझ्या मृत्यूनंतर कायद्याने राहतो ती साठ वर्षे, मी एकट्या पूनम जीवन घरत हिला देते. अप्रकाशित हस्तलिखित ज्याला मिळते त्यालाच कॉपीराइटही मिळतो असे कायदा धरून चालतो, असे वकील म्हणाल्या. तरी मी वेगळे लिहिते, म्हणजे कुणाला अर्थ लावत बसायला नको. पूनमने प्रकाशकाला पुस्तक छापण्याची परवानगी द्यावी, मालकी देऊ नये. मुदत लेखी असावी. मालिका, सिनेमा, भाषांतर यांचे करार वेगवेगळे करावेत आणि प्रत्येकात लेखिका म्हणून माझे नाव असावे.

टाइप करताना तिने विचारले होते, “आई, ‘नाय’चं ‘नाही’ करू?” मी नको म्हटले. बायांचे बोलणे कुणी शुद्ध करायला लागला तर तिने पुस्तक परत आणावे.

सात. हे कलम मूळ मसुद्यात नव्हते. काल दुपारी मसुदा टेबलावर होता, तो जीवनने वाचला. बऱ्याच महिन्यांनी माझ्यासमोर येऊन बसला.

“घर मला देतीस आन लिवलेलं नाय?”

“तू वाचलंस का कधी ते?”

पूनमने टाइप केलेली पाने मी त्याच्यापुढे ठेवली. ती घेऊन तो ओटीवर बसला. फोन वाजला तो त्याने घेतला नाही. दिवेलागणीला पूनम चहा घेऊन गेली, तेव्हा हातातले पान उलटे ठेवून त्याने मला हाक मारली.

“आई, इथं बांध फुटला. पुढं बायांचं काय होतं?”

मी म्हटले, “पूनमला विचार. यापुढं तिच्याच परवानगीनं वाचायचं.”

पूनमने त्याला पुढची पाने आणून दिली. वरील कलमांत मी काहीही बदल केलेला नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोघांसमक्ष सही केली. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

सही: केसर चांगदेव घरत

साक्षीदार:
रावजी म्हात्रे, निवृत्त शिक्षक, रेवस
तुळशी नाखवा, मासळी विक्री, रेवस

ठिकाण: रेवस
दिनांक: ११ जानेवारी २०२५