लोखंडातल्या खाचा

बाबा,

तीर्थरूप वगैरे काही लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत लग्नात, बाराव्याला, जिथे जाईन तिथे कुणीतरी मला धरून सांगतं की तुझ्या बापासारखा टग हाकणारा सारंग गोदीत पुन्हा झाला नाही. मी मान हलवते. आई होती तोवर तिच्याकडे बघून हलवायची. गेल्या वर्षी आईही गेली, आणि आता मान हलवायला काही कारण उरलेलं नाही.

मी हल्ली काय काम करते ते तुम्ही पाहिलंच नाहीत. तुम्हाला मी अंधेरीच्या दोर विकणाऱ्या ऑफिसात कॅटलॉग टाइप करणारी मुलगी म्हणूनच ठाऊक. आता मी टगवर जाते आणि जहाजं ओढायचे सिंथेटिक दोर तपासते. सकाळी वाकोल्याहून निघते, गोदीच्या गेटवर हेल्मेट चढवते आणि डेकवर मांडी घालून बसते. दोर मांडीवरून हात-हात पुढे सरकवत नेते. मध्येच दोराचे पदर उघडून आत बघते. आत बारीक पूड दिसली तर समजायचं की धागे एकमेकांना खातायत. एखादी जागा चकचकीत आणि कडक लागली तर तिथे दोर तापून वितळलाय. मग ठरवायचं, दोर उलटा करून दुसरं टोक वापरायला घ्यायचं, खराब तुकडा कापून टोकाला अडकवायचा नवा डोळा विणायचा, की अख्खा दोर भंगारात टाकायचा. आणि कुणाला नवा दोर निवडून हवा असेल तर मी ताकद किती हवी ते नंतर विचारते. आधी म्हणते, दोर ज्यातून जाणार आहे ते लोखंड दाखवा. कॅप्टन लोक हसतात. "मॅडम, दोर बघायला आलात का लोखंड?" मी सांगते, लोखंड. हे मला कशामुळे कळलं ते त्यांना ठाऊक नाही. तुम्हाला आहे.

तो रविवार होता. आई ओट्याशी नारळ खवत होती, तुम्ही पाटावर बसून बांगडे साफ करत होतात. तुमच्या टगवर ओढायची पोलादी वायर काढून नवा निळा दोर येणार होता आणि त्याच्याबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका तुम्ही घरी आणली होतीत. "वाच जरा, काय म्हणतत ते," म्हणालात. मला नोकरी लागून दोन महिने झाले होते, मी हौसेने एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. दोर पाण्यावर तरंगतो. वायरच्या मानाने अगदी हलका. उन्हात आणि तेलात ठेवू नका. मग ते पान आलं. जिथून आधी वायर जात होती त्या लोखंडात खाचा पडलेल्या असतात, त्या ग्राइंडरने घासून गुळगुळीत केल्याशिवाय हा दोर चढवू नका. घासून झाल्यावर सुती कापड फिरवून बघा, एक धागाही अडकता कामा नये.

तुम्ही सुरी खाली ठेवलीत. "माका शिकवू नको. तीस वर्सां त्या लोखंडावरसून वायर ओढलंय."

"वायरला चालतं बाबा. याला चालणार नाही असं लिहिलंय."

"ह्यां लिवणारो कधी टगवर चडललो काय?"

आई म्हणाली, जाऊ दे गं. तुम्ही उठलात, हात न धुता ती पुस्तिका माझ्या हातातून घेतलीत आणि गॅसवरून उतरवलेला भाताचा टोप तिच्यावर ठेवलात. जेवण होईपर्यंत टोप तिथेच होता. नंतर मी पुस्तिका उचलली तेव्हा त्या पानावर काळं वर्तुळ उमटलं होतं. हे आठवलं की अजून माझे कान तापतात. अपमान तर झालाच, पण मी पुढे एक अक्षर बोलले नाही, त्याचाही राग येतो.

तुम्हाला त्या दोराचा रागच होता. प्लास्टिक म्हणायचात. वायर ओढायला चार माणसं लागायची आणि चौघंही तुमच्या शिवीवर चालायची. हा दोर दोन माणसं गप्पा मारत ओढायला लागली. त्यातले एक आपल्या चाळीतले तळमजल्यावरचे अंकल, वाकोल्याच्या जुन्या गावठाणातलं ख्रिस्ती कुटुंब. तुम्हीच त्यांना टगवर खलाशी म्हणून लावलं होतंत, आणि ते तुम्हाला सारंगसाहेब म्हणायचे, घरीसुद्धा. दोर आला त्या आठवड्यात त्यांनी आईला तळहात उघडून दाखवला होता. वायरच्या तुटक्या तारा टोचून त्या हाताला कायम जखमा असायच्या. "बघ वहिनी, पहिल्यांदा हात सुकला," म्हणाले. इतके खूश होते.

सात महिन्यांनी दोर तुटला. दुपारची वेळ, वारा, मोठं जहाज. एरवी सोडायचात त्यापेक्षा तुम्ही त्या दिवशी दोर लांब सोडला होतात. सात महिने त्या खाचांवर घासून घासून खाल्लेली जागा बाहेर पाण्यावर गेली, ताण आला तशी तिथेच तुटली, आणि उरलेला दोर झटक्यात उलटा डेकवर आला. अंकलच्या कमरेत बसला. मी कितीतरी टगवर कितीतरी खलाशांना विचारलंय, आवाज कसा असतो. सगळे म्हणतात, आवाज नंतर येतो.

चौकशीला तीन माणसं आली. त्यांनी लोखंड बघितलं, ते गुळगुळीत होतं. तुटलेलं टोक मागितलं, तर तुम्ही सांगितलंत की पायात येत होतं म्हणून कापून टाकलं. आणि म्हणालात, मी त्याला आत थांबायला सांगितलं होतं, तो दोराच्या रेषेत उभा राहिला. अहवालात तेच आलं. खलाशी चुकीच्या जागी उभा होता. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, बाबांनी माझं ऐकलं होतं, लोखंड घासून घेतलं होतं. इतकी मूर्ख होते मी. मला अभिमान वाटला होता.

आठ महिन्यांनी अंकल आपल्याकडे आले. तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर यायला त्यांना वीस मिनिटं लागली. आंटी मागून प्लास्टिकची खुर्ची घेऊन येत होत्या, दर पाच पायऱ्यांवर त्यांना बसवत होत्या. ते दारातच म्हणाले, "सारंगसाहेब, माफी मागायला आलो. माझ्यामुळे तुमच्यावर चौकशी लागली."

तुम्ही पेपर वाचत होतात. तो घडी करून बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "झाला ता झाला. पुढच्या टायमाक लक्ष ठेव."

कसला पुढचा टाइम, बाबा? त्या माणसाचा डावा पाय जमिनीला टेकत नव्हता. कंपनीने त्याला घरी बसवलं होतं. मी चहा आणला. कप देताना मीही बोलले, अगदी प्रेमाने, की अंकल, तुम्ही जरा मागे थांबायला हवं होतं. ते हो म्हणाले. "हो बाय, चुकलंच." त्यांनी चहा पूर्ण प्यायला, कप स्वतः खाली ठेवला आणि परत तेवढ्याच पायऱ्या उतरून गेले. तुम्ही पेपर उचललात.

मग तुमचं आजारपण. हॉस्पिटलात भेटायची वेळ दुपारी चार ते सहा. आई खाली औषधं आणायला गेली होती. तुमच्या नाकात नळी होती आणि तुम्ही वर पंख्याकडे बघत म्हणालात, "ता लोखंड... दुसऱ्या दिवशी सकाळी मी घासलंय. कोण नाय तेव्हा. ग्राइंडर मारलंय." मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, कुठलं लोखंड? तुम्ही म्हणालात, "तो माझ्या सांगण्यानच थय उभो होतो." आणि वर, "तुझ्या आवशीक सांगू नको." मग डोळे मिटलेत आणि शहाळं मागितलंत. मी खाली जाऊन शहाळं आणलं. तुम्ही ते स्ट्रॉने सगळं प्यायलात. तुमचा चेहरा हलका झाला होता. सहा दिवसांनी गेलात.

मी त्या चेहऱ्याचा विचार फार केलाय. तुम्ही पस्तावला होतात असं मला अजिबात वाटत नाही. पस्तावलेला माणूस म्हणाला असता, त्याला बोलाव. तळमजल्यावरच तर होता तो. तुम्ही तुमचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवलंत आणि मोकळे होऊन गेलात. वर आईचं नाव घेऊन माझं तोंडही बांधलंत.

तेराव्यानंतर मी ऑफिसात सांगितलं की मला टेबलावरून काढून तपासणीच्या कामावर घ्या. साहेबांना वाटलं, मुलीला वडिलांचं काम पुढे न्यायचंय. मी तसंच वाटू दिलं.

आई गेली आणि महिन्याभराने मी दिंडोशीला गेले. जिने चढवेनात म्हणून अंकल आणि आंटी कधीच चाळ सोडून मुलीकडे राहायला गेले होते, तिथे लिफ्ट आहे. अंकल खिडकीशी बसले होते. मी सगळं एका दमात सांगितलं. खाचा, अपघातानंतर मारलेला ग्राइंडर, कापलेलं टोक, आणि तुम्हीच त्यांना तिथे उभं केलंत हेही. मला वाटलं होतं ते रडतील, किंवा मला हाकलून देतील. ते म्हणाले, "मी रोज ती जागा बघतो, बाय. रोज एक पाऊल मागे घेतो. साहेबांनी इथे थांब म्हटलेलं मला आठवायचं. पण साहेब नाही म्हणाले, म्हणून मी धरून चाललो की मलाच चुकीचं आठवतंय."

मी म्हटलं, तुम्हाला बरोबर आठवत होतं.

"मग मी माफी कशाला मागितली?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, खरंच उत्तर हवं असल्यासारखं. आंटी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुला कळून किती वर्षं झाली?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेवढी वर्षं तू आमच्याकडे नाताळचा केक खायला येत होतीस." आणि आत निघून गेल्या.

अंकल म्हणाले, "लिहून दे." मी दिलं, कंपनीला, सहीनिशी. तिथला नवा मॅनेजर म्हणाला की तो टग कधीच भंगारात गेला, सारंग हयात नाही, आता कुणाला काय करायचंय? मी महिन्यातून दोनदा जाऊन बसायला लागले. पाचव्या महिन्यात एका पानाचं पत्र निघालं. अपघातात खलाशाची चूक नव्हती, जुन्या अहवालातला तो निष्कर्ष मागे घेतला आहे. दोष तुमचा होता, हेही तुमच्या नावापुढे लिहिलंय. मी पत्र घेऊन दिंडोशीला गेले. अंकलनी मुलीकडून ते दोनदा वाचून घेतलं, चष्मा लावून स्वतःचं नाव बोटाने शोधलं आणि पत्र कपाटात ठेवायला लावलं. मला बस म्हणाले नाहीत. त्यानंतर मी दोनदा गेले, दोन्ही वेळा आंटी दारातूनच म्हणाल्या की ते झोपलेत. एकदा आतून रेडिओ ऐकू येत होता. मी समजायचं ते समजले, आता जात नाही.

घरात तुमचा फोटो अजून भिंतीवर आहे. हार मी घालत नाही, मावशी आली की घालते. ती विचारते, बापावर एवढा कसला राग गं? तिला सांगितलं नव्हतं, या दिवाळीला सांगितलं. ती म्हणाली, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. मी म्हटलं, जिवंत होते तेव्हा तरी कुठे बोलू दिलं?

हे पत्र कुठे पाठवायचं असतं तर पुढचं लिहिलं नसतं. गेल्या महिन्यात एका टगवर मला दोराचा हातभर तुकडा कडक लागला. वितळलेला होता, शंका नव्हती. बाहेर जहाज थांबलं होतं, कॅप्टन डोक्यावर उभा होता, म्हणाला मॅडम, आजचं एक काम होऊ द्या. मी तपासणीच्या कागदावर लिहिलं, चालेल. काम झालं, काही तुटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी तो दोर उतरवून घेतला आणि समोर उभं राहून कापायला लावला. पण आदल्या दिवशी, जहाज धक्क्याला लागेपर्यंतचे दोन तास मी गोदीच्या कॅन्टीनमध्ये बसले होते, आणि दोर तुटला तर काय सांगायचं ते माझं ठरलं होतं. बनवणाऱ्याचा माल खराब निघाला, असं सांगणार होते. वाक्य पूर्ण तयार होतं. ते तयार करायला मला चहा संपेपर्यंतचाही वेळ लागला नव्हता.